कुणी पेरलं का?

रोहिणी सरत आली आणि मृग दोन दिवसांवर आला, की आमच्या गावात अण्णांची फेरी सुरू होते. डोक्यावर टोपी, खांद्यावर दस्ती आणि तोंडात एकच प्रश्न, "कुणी पेरलं का?" आभाळात ढगाचा पत्ता नसतो. रान तापून भेगाळलेलं असतं, पेरायचं म्हटलं तरी तिफणीचे फण आत शिरणार नाहीत. पण चौकशी करून ठेवलेली बरी, असं अण्णांचं म्हणणं. उद्या कुणी पेरलं आणि आपल्याला कळलंच नाही, तर?

गाव लातूर जिल्ह्यातलं, सोयाबीनवर जगणारं. वेशीजवळ माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. दुकानासमोर एक बाक आहे आणि खरिपापुरती त्या बाकाची मालकी अण्णांकडे असते. मला ते कधीही सल्ला विचारत नाहीत. एरवी गावात आलेल्या एसटीच्या कंडक्टरलाही "तुमच्याकडं काय, पेरलं का?" म्हणून विचारणारा हा माणूस मला मात्र वगळतो. कारण सरळ आहे. पेरणी साधली तर मी बियाणं एकदा विकतो, मोडली तर दोनदा. अशा माणसाच्या मताला किंमत देऊ नये, एवढं व्यवहारज्ञान अण्णांना आहे.

आणि अण्णा अडाणी मुळीच नाहीत. बारा एकर काळी कसलेली आहे. मूठभर माती उचलून दाबली की ओल किती खोल गेली ते सांगतील. मुंग्यांनी अंडी कुठे हलवली, टिटवीनं घरटं उंचावर केलं की खाली, हे त्यांना आपल्या नातवांच्या इयत्तांपेक्षा जास्त नीट ठाऊक असतं. पंचांगात यंदा मृगाचं वाहन कोणतं, बेडूक, म्हैस की हत्ती, हे तोंडपाठ. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवारचा आणि शुक्रवारचा हवामान सल्ला मोबाइलवर सगळ्यांत आधी त्यांच्याकडे येतो. माहितीची वाण नाही. अडतं ते पुढे. या सगळ्या माहितीवरून आपण स्वतः एक मत बनवायचं आणि त्याप्रमाणे वागायचं, हा प्रकार त्यांना उद्धटपणाचा वाटतो.

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे" ही म्हण त्यांना अर्धीच पटलेली आहे. ऐकावे जनाचे, करावे जनाचे आणि बिघडलं तर बोलावे जनालाच, असा त्यांचा सुधारित पाठ. गावानं त्यांचं नाव 'सर्वानुमते' ठेवलंय. थोरल्या मुलासाठी स्थळ आलं तेव्हा अण्णांनी पाहुण्यांच्या सात गावांत मतं गोळा केली. बहुमत अनुकूल आहे असं कळेपर्यंत मुलीकडच्यांनी कंटाळून दुसरीकडे जमवलं. रीतसर पत्रिका अण्णांनाही आली. त्या लग्नाला जावं की न जावं, हेही त्यांनी चौघांना विचारलं.

वहिनींनी या सगळ्यावर केव्हाच उपाय काढलाय. आज भाजी काय करू, असं त्या विचारत नाहीत. "शेजारी आज वांगी हायत," एवढंच सांगतात. अण्णा म्हणतात, "मग आपल्याकडंबी वांगीच होऊ द्या." वांगी आधीच चुलीवर असतात.

पेरणीआधी बियाण्याची उगवण घरी तपासून घ्यावी, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगांत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपत राहायचं आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर हेक्टरी पंच्याहत्तर किलोप्रमाणे बियाणं धरायचं, कमी उगवले तर त्या हिशेबानं वाढवायचं. अण्णा ही चाचणी मनापासून करतात. गेल्या खेपेला माझ्यासमोरच गुंडाळी उलगडली. बोटानं एकेक कोंब बाजूला सारत मोजले, पुन्हा मोजले. ८२. मी म्हटलं, "झकास बियाणं आहे, अण्णा." ते काही बोलले नाहीत. उठून शेजारच्या गल्लीत गेले, तासाभरानं परत आले. "पलीकडच्याचे चौसष्ट उगवले म्हणतो."

"त्याचं बियाणं वेगळं, अण्णा. त्यानं मळणीला दाणा फोडलाय. तुमचे तर तुमच्या डोळ्यांसमोर ८२ आहेत."

"तसं कसं? एवढा फरक नसतोय. आपले बहात्तर धरू."

दहा जित्ते कोंब अण्णांनी शेजारधर्मापायी रद्द केले. गोणपाट तिथंच पडलेलं होतं आणि त्यावर ८२ कोंब माना वर काढून उभे होते.

त्यांच्या मतसंग्रहाची पद्धत मी बाकावरून बरीच वर्षं पाहत आलोय. रात्री देवळासमोर बसल्यावर अण्णा सहज पुटपुटतात, "चार दिवस थांबावं का काय?" हे सरपंचतात्यांच्या कानावर पडतं. सकाळी न्हाव्याकडे दाढीला बसल्यावर तात्या म्हणतात, "चार दिवस थांबावं म्हणायलेत." कोण म्हणायलेत ते तात्या सांगत नाहीत आणि न्हावी विचारत नाही. दुपारपर्यंत ते डेअरीवर पोचतं. संध्याकाळी दूध घालायला गेलेल्या अण्णांना डेअरीवाला ऐकवतो, "सगळ्यांचं थांबायचंच चाललंय, अण्णा." मग अण्णा तात्यांना विचारतात, न्हाव्याला विचारतात आणि दिवेलागणीला बाकावर येऊन सुटकेचा श्वास सोडतात. "तीन ठिकाणी विचारलं. तिन्ही ठिकाणी एकच. आता शंका नको."

त्यांच्याच तोंडून निघालेलं वाक्य गाव फिरून, तीन साक्षीदार घेऊन त्यांच्याकडे परत आलेलं असतं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथं एकच मुख पाच ठिकाणी बोलत होतं.

शाळेवरच्या गुरुजींनी एकदा हा विषय देवळासमोर काढला. १९०६ सालची गोष्ट. इंग्लंडात प्लिमथ इथं जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं. एक दणकट बैल उभा करून पैज लावली होती, की कापून साफ केल्यावर याचं वजन किती भरेल ते सांगा. सहा पेनीचं तिकीट घ्यायचं, त्यावर आपला आकडा लिहून द्यायचा. खाटीक होते, शेतकरी होते आणि ज्यांना बैलाची शिंगं कुठे आणि शेपूट कुठे एवढंच कळतं असेही होते. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या शास्त्रज्ञानं नंतर ती तिकिटं मिळवली. सामान्य लोकांच्या अकलेबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. वाचता येण्याजोगी ७८७ तिकिटं निघाली. आकडे चढत्या क्रमानं लावून त्यानं बरोबर मधला उचलला, तो १२०७ पौंड. बैल प्रत्यक्षात भरला ११९८ पौंड. शेकड्याला एकाचाही फरक नाही. १९०७ साली त्यानं हे 'नेचर' नियतकालिकात छापलं.

पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारणारं गाव ते. पहिला प्रश्न आला, "मग त्या बैलाला खरंच कापलं का?" ते दुःख ओसरायला थोडा वेळ गेला. अण्णा मात्र खुलले होते. "मी काय वेगळं सांगतोय? चारचौघांना विचारावं!"

"तेच तर, अण्णा. त्यांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपापल्या तिकिटावर लिहिलं."

अण्णांचा चेहरा पडला. "न विचारता? मग जमलं कसं?"

"न विचारता म्हणूनच जमलं. कुणी पन्नास पौंड जास्त लिहिले, कुणी पन्नास कमी. जास्तीनं कमीला खाल्लं आणि खरं तेवढं उरलं. पहिल्यानं मोठ्यानं आकडा सांगितला असता आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या असत्या, तर ७८७ माणसं नसती झाली ती. एकच माणूस ७८७ तिकिटांवर."

अण्णांनी थोडा विचार केला. मग शेजाऱ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुला पटतंय का हे?"

आता अण्णांना हसणं सोपं आहे. जूनमध्ये पेरायचं ठरवणं सोपं नाही. पुस्तकात लिहिलंय की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण पाऊस मोजला जातो महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर आणि बियाणं पडतं आपल्या रानात. तिथं साठ पडला म्हणून मोबाइल सांगतो, इथं ढेकूळही विरघळलेलं नसतं. थांबावं तर ओल उडून जाते, घाई करावी तर उगवलेलं करपतं. २०२३ साली केरळात मान्सून आला तोच ८ जूनला, आमच्यापर्यंत यायला जून संपत आला, आणि पुढे देशातला ऑगस्ट निघाला १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यांत कोरडा. २०२५ साली उलटं. २४ मेला केरळात, २६ मेला मुंबईत. रोहिणीतच ओढ्याला पाणी. मृग लागायच्या आधीच पाऊस येऊन गेला आणि मग दडी मारून बसला. कृषी खातं सांगत होतं, घाई करू नका. ओल्या रानाकडे बघून लोकांचे हात शिवशिवत होते. मेमधला हा पाऊस पेरणीचा धरावा की वळवाचा, याचं उत्तर ना पंचांगात होतं ना पुस्तकात.

अशा वेळी एकट्यानं ठरवणारा माणूसही गावात आहे. अण्णांचे दाजी. ते कुणालाच विचारत नाहीत, बायकोलाही नाही. मे संपता संपता कोरड्या रानात कपाशीची धूळपेरणी करून मोकळे होतात आणि पारावर येऊन जाहीर करतात, "पाऊस येतोय. मी सांगतो." पाऊस वेळेवर आला तर त्यांची कपाशी सगळ्या शिवाराच्या पुढे असते आणि मग वर्षभर त्यांच्या समोरून जायची सोय राहत नाही. नाही आला तर गाव त्यांना पुढची तीन वर्षं सोडत नाही. दाजींचं नुकसान पैशात मोजून संपतं, हसं मात्र मोजून संपत नाही.

अण्णांचं खरं शहाणपण इथं आहे. मी एकदा त्यांना सरळच विचारलं होतं, "बाकीच्यांबरोबर चुकण्यात तुम्हाला एवढं काय सुख?" त्यांनी दस्तीनं बाक झटकला आणि जे सांगितलं ते आजवर मला कुठल्या बँकेच्या साहेबानं इतकं नीट सांगितलेलं नाही.

"एकट्याचं गेलं की त्याची अक्कल गेली म्हणतात. समद्यांचं गेलं की दुष्काळ म्हणतात. एकट्याच्या बांधावर कुणी येत न्हाई. समद्यांचं गेलं की तलाठी येतो, कृषी सहायक येतो, पंचनामा होतो. पीक विम्याचं बघा. उत्पन्न धरतात ते मंडळाचं. कापणी प्रयोग करतात, सरासरी काढतात. मंडळाचं पिकलं आणि माझंच एकट्याचं गेलं, तर मला काय मिळणार? आणि मंडळाचं गेलं आणि माझं थोडं पिकलं, तरी समद्यांबरोबर माझ्या खात्यात येतंय. आता सांगा, शहाण्यानं कुणाबरोबर चुकावं?"

मला उत्तर सुचलं नाही. मध्यंतरीच्या नियमांत तर पेरणीच न झाल्याबद्दल भरपाईची तरतूद होती, पण त्यासाठी विमा क्षेत्रातलं पंचाहत्तर टक्के रान पडीक राहायला हवं. एकटा थांबणारा वेडा, तीन चतुर्थांश गाव थांबलं तर लाभार्थी. सरकारनंच अण्णांच्या स्वभावाला कलमात बसवलं म्हटल्यावर आपण कोण बोलणार?

पण एका मृगात जे घडलं, ते कुठल्याच कलमात बसणारं नव्हतं. एक बरा पाऊस होऊन गेला होता. जमीन वरून ओली, चार बोटांखाली कोरडी. सगळे एकमेकांच्या रानाकडे बघत होते. अण्णांनी भाच्याचा ट्रॅक्टर आणला, मागं पेरणी यंत्र जोडलं आणि रस्त्याकडेच्या पट्ट्यात दोन फेऱ्या मारल्या. यंत्राच्या नळ्या गेल्या वर्षभर तशाच पडून होत्या, एखादी तुंबली असेल तर आधी कळावं, एवढाच हेतू. पेटीत बियाण्याचा एक दाणा नव्हता. दोन फेऱ्या मारून ट्रॅक्टर घरी आला.

रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसल्या त्या काळ्या रानातल्या सरळ, ताज्या रेघा. पाहणाऱ्यानं विचार केला, की अण्णांसारखा माणूस, जो गावाला विचारल्याशिवाय टोपीसुद्धा बदलत नाही, त्यानं पेरलं? म्हणजे त्यानं सगळ्यांना विचारलं असणार. म्हणजे सगळ्यांचं ठरलं असणार. म्हणजे आपल्याला सोडून सगळ्यांना काहीतरी कळलंय.

दुपारी माझ्या दुकानासमोर ट्रॅक्टरांची रांग लागली. मी म्हणालो, अजून ओल पुरेशी नाही, थांबा. कुणी ऐकलं नाही. दुकानदारच थांबा म्हणतो याचा अर्थ माल संपत आलाय, असा त्यांनी अंदाज बांधला. संध्याकाळी अण्णा नेहमीसारखे फेरीवर निघाले. "कुणी पेरलं का?" वेशीपासून ओढ्यापर्यंत ज्याला विचारावं तो म्हणे, पेरलं. अण्णांच्या आयुष्यात इतकं निर्विवाद बहुमत प्रथमच आलं होतं. त्या रात्री ट्रॅक्टरचे दिवे लावून त्यांनी बाराही एकर पेरून टाकलं. या खेपेला पेटीत दाणे होते.

नंतर पावसानं मोठा खंड दिला. निम्मं उगवलं ते माना टाकून पडलं, निम्मं वर आलंच नाही. दुबार पेरणीची बिलं मी शक्य तितका दुःखी चेहरा करून फाडली.

मग देवळासमोर चौकशी बसली. सुरुवात कुणी केली? प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव घेतलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं आणि सगळी बोटं फिरून अण्णांवर येऊन थांबली. अण्णा गोंधळून गेले. "मी? मी तर समद्यात शेवटी पेरलं! तुम्ही पेरलं म्हणून पेरलं!" रस्त्याकडेचा पट्टा उकरून बघितला. दाणा सापडला नाही. साऱ्या शिवाराची पेरणी झाली होती आणि ती करायचं कुणीच ठरवलेलं नव्हतं. दाजी तेवढे कोपऱ्यात बसून मिश्यांत हसत होते. त्यांचीही कपाशी गेली होती, पण स्वतःच्या अकलेनं.

पुढच्या जूनमध्ये गुरुजींनी प्लिमथचा बैल आमच्या गावात आणला. देवळासमोर सगळ्यांना कागदाचे चिटोरे वाटले. नाव लिहायचं नाही, शेजारी बघायचं नाही. 'पेरू' किंवा 'थांबू' एवढंच लिहून डब्यात टाकायचं. त्या दिवशी पारावरची बोलणी ऐकली असती तर सगळं गाव उद्याच पेरणार असं कुणीही म्हटलं असतं. चिठ्ठ्या उघडल्या तर दहातल्या आठांवर 'थांबू'. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. प्रत्येकाला मनातून थांबायचं होतं. बाकीचे पेरायला निघालेत असं समजून प्रत्येक जण पेरायचं बोलत होता. आणि प्रत्येकाचं ते बोलणं ऐकून बाकीच्यांची खात्री पटत होती.

एक चिठ्ठी मात्र कुठल्याच ढिगात बसेना. गुरुजींनी ती मोठ्यानं वाचली. "ज्या बाजूला जास्त चिठ्ठ्या निघतील ते माझं मत समजावे." नाव नव्हतं, पण सगळ्यांनी एकदमच अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी टोपी नीट केली आणि आपली बाजू जिंकल्याबद्दल समाधान व्यक्त केलं.

गाव थांबलं. आठ दिवसांनी चांगला पाऊस झाला, हातभर ओल गेली. पेरणी एकजात साधली. बियाणं मी एकदाच विकलं, पण गुरुजींचा मान वाढला. चिठ्ठ्यांची पद्धत कायमची करावी, असा ठराव ग्रामसभेत मंजूर झाला. सूचक अण्णा. तो त्यांनी तळमळीनं मांडला.

यंदाच्या चिठ्ठ्यांची तारीख ठरली, तशी अण्णांनी दोन दिवस आधीच फेरी काढली. प्रश्न तेवढा बदलला होता. "तू चिठ्ठीत काय लिहिणार?" तात्यांना विचारलं, न्हाव्याला विचारलं, डेअरीवर विचारलं. दाजींकडे जाऊन आले, त्यांनी हाकललं. पहिल्या घरी काय सांगितलं ते दुसऱ्या घरी गेलं, दुसऱ्या घरचं तिसऱ्या घरी. ठरल्या दिवशी देवळासमोर डबा उघडला. गुरुजी चिठ्ठ्या उलगडत होते आणि एकेक बाजूला ठेवत होते. 'पेरू', 'पेरू', 'पेरू'. दाजींच्या चिठ्ठीखेरीज दुसरा शब्द निघाला नाही. शेवटची चिठ्ठी ठेवून गुरुजींनी डोक्याला हात लावला.

अण्णांचा आनंद गगनात मावत नव्हता. गुरुजींच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "बघा गुरुजी! गेल्या साली किती फाटाफूट होती. पद्धत तुमचीच, पण सुधारणा झाली का न्हाई?"

आणि मग माझ्याकडे वळून, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी मलाही विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी दुकान उघडायला निघालो. यंदा बियाणं थोडं जास्त मागवावं लागणार होतं.